एकच वस्ती, पाच विद्यापीठे : रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातून पाहिलेला 'राज्यातल्या जागां'चा इतिहास

१. प्रस्तावना

बारावीचा निकाल लागला की प्रवेशाचे अर्ज भरताना प्रत्येक विद्यार्थ्यासमोर एक रकाना येतो : 'आपण या राज्याचे रहिवासी आहात काय?' उत्तर 'होय' असेल तर राज्यातील सरकारी महाविद्यालयांच्या बहुतांश जागांसाठी स्पर्धा करता येते. उत्तर 'नाही' असेल तर थोड्या जागा उरतात किंवा जास्त शुल्क भरावे लागते. हा रकाना इतका सवयीचा झाला आहे की तो पूर्वापार चालत आला असावा असे वाटते. वास्तविक 'राज्यातला' आणि 'राज्याबाहेरचा' विद्यार्थी हा भेद आजच्या स्वरूपात विसाव्या शतकाच्या मध्यावर घडला आणि राज्यांच्या सीमा जशा बदलल्या तसा त्याचा अर्थही बदलत गेला.

या पाठात आपण हा इतिहास छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील बूढ़ापारा या जुन्या वस्तीच्या आधारे पाहणार आहोत. ही वस्ती निवडण्याचे कारण साधे आहे. गेल्या दीडशे वर्षांत बूढ़ापारा जागचा हललेला नाही. पण तेथील विद्यार्थ्याचे विद्यापीठ, त्याचे राज्य आणि त्याच्या हक्काच्या जागा मात्र वारंवार बदलल्या. शिवाय रायपूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे असल्यामुळे नागपूर आणि रायपूर यांच्यामधील रेषेचा परिणाम येथे विशेष स्पष्ट दिसतो.

पाठाच्या अखेरीस आपल्याला पुढील तीन प्रश्नांची उत्तरे देता यावीत : रहिवासावर आधारित प्रवेश कसा सुरू झाला? न्यायालयांनी त्याला कोणत्या मर्यादा घातल्या? आणि त्याचा लाभ नेमका कोणाला होतो?

२. पार्श्वभूमी : बूढ़ापारा आणि रायपूरमधील मराठी समाज

बूढ़ापारा ही वस्ती बूढ़ा तलावाच्या काठी वसली आहे. या तलावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १८७७ ते १८७९ या काळात वडिलांच्या वकिलीच्या निमित्ताने कुटुंबासह रायपूरला राहिले होते. बूढ़ापाऱ्यातील डे भवन हे त्यांच्या वास्तव्याचे ठिकाण मानले जाते.

छत्तीसगडशी मराठी माणसांचा संबंध त्याहून जुना आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याने रतनपूरवर स्वारी केली. १७५८ नंतर बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. १८१८ मध्ये इंग्रजांच्या देखरेखीखालील कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. या काळात कारकून, पुरोहित, सावकार, मालगुजार आणि पुढे वकील, शिक्षक म्हणून मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. तात्यापारा हे मोहल्ल्याचे नाव आजही त्याची साक्ष देते. १९३५ मध्ये रायपूरला महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले.

बूढ़ापाऱ्यात ज्यांच्या नावाची शाळा आणि मैदान आहे ते माधवराव सप्रे (१८७१–१९२६) याच समाजातले. जन्म दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे, घरची भाषा मराठी आणि आयुष्यभराचे कार्य हिंदीत. १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक काढले. 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत आणले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की सप्र्यांना पदवीसाठी रायपूर सोडून जबलपूर, ग्वाल्हेर आणि नागपूर असा प्रवास करावा लागला आणि अखेर पदवी मिळाली ती कलकत्ता विद्यापीठाची.

३. सीमा नव्हती, पण जागाही नव्हत्या (१८५७–१९४६)

१८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठे स्थापन झाली. ती मुख्यतः परीक्षा घेणारी आणि महाविद्यालये संलग्न करणारी विद्यापीठे होती. १८६१ मध्ये निर्माण झालेल्या मध्य प्रांताला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. नागपूरची हिस्लॉप (१८८३) आणि मॉरिस (१८८५) ही महाविद्यालये आरंभी कलकत्ता विद्यापीठाशी जोडलेली होती. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्यानंतर विद्यापीठांची प्रादेशिक क्षेत्रे निश्चित झाली आणि मध्य प्रांत अलाहाबाद विद्यापीठाकडे गेला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर मध्य प्रांत व वऱ्हाड यांना आपले विद्यापीठ मिळाले. रायपूर त्याच्या क्षेत्रात होते.

या काळात 'बाहेरचा विद्यार्थी' हा मोठा प्रश्न नव्हता. याचे कारण उदारपणा नव्हे. शालान्त परीक्षेपर्यंत पोचणारेच थोडे होते. पुढे शिकायचे तर नागपूर किंवा जबलपूरला खोली घेऊन राहावे लागे आणि तो खर्च वकील, मालगुजार, सरकारी नोकर अशा घरांनाच परवडत असे. निवड प्रवेशाच्या खिडकीवर होत नव्हती, ती त्याआधीच घराच्या परिस्थितीने, जातीने आणि मुलगी असेल तर रूढीने होऊन गेलेली असे. म्हणून खुल्या प्रवेशाचा काळ तो समान संधीचा काळ, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

रायपूरची परिस्थिती १९३८ मध्ये काहीशी बदलली. त्या वर्षी जे. योगानंदम यांच्या पुढाकाराने छत्तीसगड महाविद्यालय सुरू झाले. पदवीचे शिक्षण प्रथमच गावात आले. तरीही वैद्यक आणि अभियांत्रिकी यांसाठी बाहेर जाणे भागच होते. रायपूरचे वकील आणि पुढे मुख्यमंत्री झालेले पंडित रविशंकर शुक्ल यांचेही महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात झाले होते. सुमारे ३०० किलोमीटरवरचे, रेल्वेने थेट जोडलेले नागपूर हेच रायपूरच्या मुलांचे शिक्षणाचे शहर होते.

४. १९५६ : एका रात्रीत बदललेले 'आपले' शहर

स्वातंत्र्याच्या सुमारास दोन गोष्टी घडल्या. १९४६ मध्ये डॉ. हरिसिंग गौर यांच्या देणगीतून सागर विद्यापीठ उभे राहिले आणि महाकोशलातील हिंदी भाषक भागाची महाविद्यालये त्याच्याशी जोडली गेली. १९४७ मध्ये नागपूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे १९४७ ते १९५६ या काळात रायपूरचा विद्यार्थी बी. ए. किंवा बी. एस्सी. सागर विद्यापीठाची करीत असला, तरी नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय त्याच्याच राज्याचे होते. १९५० नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानीही नागपूरच होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ ही राज्ये त्यात सामील झाली आणि राजधानी भोपाळला गेली. पंडित रविशंकर शुक्ल जुन्या राज्याचे मुख्यमंत्री होते, तेच नव्या राज्याचेही पहिले मुख्यमंत्री झाले. दोन महिन्यांतच, ३१ डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे निधन झाले.

प्रवेशाच्या दृष्टीने या दिवसाचा अर्थ समजून घेऊ. ३१ ऑक्टोबरपर्यंत रायपूरच्या विद्यार्थ्यासाठी नागपूर 'आतले' आणि इंदूर 'बाहेरचे' होते. १ नोव्हेंबरला हे उलटे झाले. इंदूर रायपूरपासून नागपूरच्या दुपटीहून अधिक दूर आहे. रायपूरच्या मराठी कुटुंबांचे काका, मावशा, आजोळ नागपूर-वर्ध्याकडे. मुलांना ठेवून घेणारी घरे तिकडे आणि हक्काच्या जागा मात्र आता इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळ, जबलपूरकडे, अशी त्यांची स्थिती झाली. हिंदी भाषक कुटुंबांनाही नागपूरची सवय तितकीच होती. भाषावार प्रांतरचनेचा विचार करताना आपण बहुधा भाषा, राजधानी आणि विधानसभा यांविषयी बोलतो. कुटुंबांच्या पातळीवर तिचा एक मोठा परिणाम महाविद्यालयांच्या प्रवेशात झाला, ही बाब इतिहासात कमी नोंदली जाते.

नागपूरच्या बाजूलाही अशीच चिंता होती. नव्या मोठ्या राज्यात मुंबई-पुण्याचे विद्यार्थी सर्व जागा घेतील, अशी भीती विदर्भात होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाड्याच्या वाट्याविषयी जी आश्वासने होती, त्यांत निधी आणि नोकऱ्यांबरोबर तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणाचाही विषय होता. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांना तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी न्याय्य रीतीने मिळाव्यात, अशी तरतूद आली. म्हणजे राज्याची बाहेरची सीमा जशी महत्त्वाची ठरली, तशीच राज्याच्या आतली प्रादेशिक सीमाही.

५. इंदूरचा खटला : 'जन्मस्थान' आणि 'रहिवास' यांतील फरक

रहिवासावर आधारित प्रवेशाचा कायदेशीर पाया ज्या खटल्याने घातला, तो याच परिसरातला आहे. इंदूरचे महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय त्या वेळी मध्य भारत राज्यात होते. नियम असा होता की मध्य भारताच्या खऱ्या रहिवाशांकडून कॅपिटेशन शुल्क घेऊ नये. बाहेरच्यांपैकी शासननियुक्त विद्यार्थ्यांकडून १,३०० रुपये आणि इतरांकडून १,५०० रुपये घ्यावेत. दिल्लीचा रहिवासी असलेल्या एका विद्यार्थ्याने याला आव्हान दिले. डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २७ जानेवारी १९५५ रोजी आला.

विद्यार्थ्याचा युक्तिवाद असा होता की हा नियम अनुच्छेद १४ (समानता) आणि अनुच्छेद १५(१) यांच्या विरुद्ध आहे. अनुच्छेद १५(१) धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई करतो. न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निर्णयात म्हटले की जन्मस्थान आणि रहिवास या भिन्न गोष्टी आहेत. जन्मस्थान बदलता येत नाही, रहिवास बदलता येतो आणि अनुच्छेद १५(१) मध्ये 'रहिवास' हा शब्द नाही. आपल्या रहिवाशांच्या शिक्षणाला साहाय्य करणे हे राज्याचे वाजवी उद्दिष्ट आहे. न्यायमूर्ती जगन्नाथदास यांनी भिन्न मत नोंदवले. निर्णय चार विरुद्ध एक असा झाला.

येथे विद्यार्थ्यांनी घटनेतील दोन अनुच्छेदांची तुलना करावी. सरकारी नोकऱ्यांविषयीच्या अनुच्छेद १६(२) मध्ये 'रहिवास' हा शब्द आहे. शिक्षणाला लागू पडणाऱ्या अनुच्छेद १५(१) मध्ये तो नाही. त्यामुळे नोकरीत राज्याला रहिवासाची अट सहजासहजी घालता येत नाही, पण प्रवेशात घालता येते. पुढील सत्तर वर्षांच्या प्रवेशनियमांचा मोठा भाग या एका शब्दाच्या असण्या-नसण्यावर उभा आहे.

६. रायपूरला आलेली महाविद्यालये

सीमा बदलल्या त्याच सुमारास रायपूरलाही उच्च शिक्षणाच्या संस्था येऊ लागल्या. १९५६ मध्ये खाणकाम आणि धातुशास्त्राचे सरकारी महाविद्यालय सुरू झाले. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता आणि त्याला अभियंत्यांची गरज होती. हेच पुढे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले. १९६४ मध्ये रविशंकर विद्यापीठ स्थापन झाले. कलकत्ता, अलाहाबाद, नागपूर, सागर आणि रविशंकर असा पाच विद्यापीठांचा प्रवास करून पदवी अखेर रायपूरला आली.

महाविद्यालये आली तशी स्पर्धाही आली. शालेय शिक्षणाचा प्रसार झाला, अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव झाल्या, मुली मोठ्या संख्येने शिकू लागल्या आणि ज्यांच्या घरात आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते अशी मुले अर्ज करू लागली. वेगवेगळ्या मंडळांच्या गुणांची तुलना कशी करावी हा प्रश्न उभा राहिल्यावर मध्य प्रदेशात १९७० मध्ये वैद्यकीय प्रवेशपूर्व परीक्षेसाठी, म्हणजे पीएमटीसाठी, मंडळ नेमले गेले. १९८२ मध्ये वैद्यकीय व अभियांत्रिकी परीक्षांची मंडळे एकत्र होऊन व्यावसायिक परीक्षा मंडळ, म्हणजे व्यापमं, तयार झाले.

जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ असले की परीक्षेवरचा ताण कोठवर जातो हे याच मंडळाच्या इतिहासात दिसले. २०१३ मध्ये उघडकीस आलेल्या घोटाळ्यानंतर तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००८ ते २०१२ या काळातील ६३४ विद्यार्थ्यांचे वैद्यकीय प्रवेश रद्द ठरवले. बाहेरच्या राज्यातील उमेदवारांना दूर ठेवले म्हणजे राज्यातली स्पर्धा आपोआप न्याय्य होते, असे नाही. आतली परीक्षाही प्रामाणिक असावी लागते.

७. न्यायालयांनी घातलेली मर्यादा

इंदूरच्या निर्णयानंतर बहुतेक राज्यांनी रहिवासाची अट घातली. काहींनी त्याहून पुढे जाऊन जिल्ह्यांनुसार जागा वाटल्या. पी. राजेंद्रन खटल्यात (१९६८) सर्वोच्च न्यायालयाने मद्रास राज्यातील जिल्हावार वाटप रद्द केले, कारण त्यामुळे एका जिल्ह्यातील कमी गुणांचा विद्यार्थी आत आणि दुसऱ्या जिल्ह्यातील अधिक गुणांचा बाहेर राहत होता. याउलट १९७१ च्या चंचला खटल्यात म्हैसूर राज्यातील विद्यापीठवार वाटप मान्य झाले. सीमा किती लहान असावी यावर न्यायालयाचे मत प्रकरणागणिक घडत गेले.

२२ जून १९८४ चा प्रदीप जैन निर्णय हा या इतिहासातील मोठा टप्पा आहे. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी स्पष्ट केले की घटनेत अधिवास एकच आहे, तो भारताचा. 'अमुक राज्याचा डोमिसाइल' हा शब्दप्रयोग कायद्याच्या दृष्टीने सैल आहे. नियमांना अभिप्रेत असतो तो राज्यातील कायम रहिवास. तरीही राज्याचे दोन दावे न्यायालयाने विचारात घेतले. एक, राज्य स्वतःच्या निधीतून महाविद्यालय चालवते. दोन, मागास प्रदेशांना संधी न मिळाल्यास ते मागासच राहतील. त्यामुळे एमबीबीएसमध्ये रहिवासावर आधारित जागा चालतील, पण ७० टक्क्यांहून अधिक नकोत, असे ठरले.

या निर्णयाची अंमलबजावणी गुंतागुंतीची ठरली. १९८६ मध्ये दिनेश कुमार प्रकरणात न्यायालयाने सोपी मांडणी केली : सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील एमबीबीएसच्या एकूण जागांपैकी १५ टक्के जागा अखिल भारतीय परीक्षेतून भराव्यात. आज नीट परीक्षा सर्वांना एकच असली तरी १५ आणि ८५ टक्क्यांची ही विभागणी कायम आहे. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात मात्र न्यायालय अधिक कठोर राहिले. २९ जानेवारी २०२५ च्या तन्वी बहल निर्णयात पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील रहिवासावर आधारित आरक्षण घटनाविरोधी ठरवले गेले. यामागचा विचार असा की पहिल्या पदवीसाठी स्थानिक मुलांना हात देणे समजण्यासारखे आहे. तज्ज्ञ डॉक्टर निवडताना गुणवत्तेलाच प्राधान्य हवे.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. अमेरिकेतील राज्य विद्यापीठेही आपल्या राज्यातील विद्यार्थ्यांकडून कमी शुल्क घेतात. तेथे भर मुख्यतः शुल्कातील फरकावर आहे. मात्र नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्याने १९८६ मध्ये बाहेरच्या विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर १८ टक्क्यांची मर्यादा घातली होती. १९७३ च्या व्लँडिस विरुद्ध क्लाइन खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की विद्यार्थ्याला आपण खरोखर राज्याचे रहिवासी झालो आहोत हे सिद्ध करण्याची संधी नाकारता येणार नाही. म्हणजे करदात्यांचा पैसा आणि नागरिकांचा संचार यांतील ताण संघराज्य असलेल्या देशांत पुन्हा पुन्हा उभा राहतो.

८. २००० नंतर : दुसऱ्यांदा सरकलेली रेषा

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर राजधानी. १९५६ मध्ये नागपूर बाहेरचे झाले होते. आता भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर आणि रीवा येथील महाविद्यालयेही बाहेरची झाली. नव्या राज्याच्या वाट्याला एकच जुने सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले, ते रायपूरचे. स्पर्धेचे क्षेत्र लहान झाले, पण जागाही कमी झाल्या. म्हणून नव्या संस्था काढणे हे राज्याचे तातडीचे काम ठरले. २००१ मध्ये बिलासपूर आणि २००६ मध्ये जगदलपूर येथे वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. पुढे रायगढ़, राजनांदगाव आणि अंबिकापूर यांची भर पडली.

याच काळात एक उलट प्रवाहही दिसतो. रायपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एनआयटी, झाले. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातील आणि निम्म्या इतर राज्यांतील विद्यार्थ्यांसाठी असतात. बिलासपूरचे गुरू घासीदास विद्यापीठ २००९ मध्ये केंद्रीय झाले आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश सीयूईटी या देशव्यापी परीक्षेशी जोडले गेले. २०१२ मध्ये सुरू झालेल्या रायपूरच्या एम्समध्ये राज्याचा वेगळा कोटा नाही. संस्थेचा दर्जा आणि निधी वाढतो, पण शेजारच्या मोहल्ल्यातील मुलाचा तिच्यावरचा खास हक्क कमी होतो. त्याच वेळी त्या मुलाला देशातील इतर अशा संस्थांची दारे उघडतात. हा तोटा की नफा, हे त्या मुलाची तयारी कशी झाली आहे यावर ठरते.

आंध्र प्रदेशाचे उदाहरण येथे उपयोगी आहे. तेथे १९७४ च्या राष्ट्रपती आदेशाने ८५ टक्के जागा विद्यापीठ क्षेत्रातील स्थानिक विद्यार्थ्यांसाठी ठेवल्या होत्या. २०१४ मध्ये तेलंगणा वेगळे झाले तेव्हा कायद्यानेच प्रवेशाची जुनी पद्धत दहा वर्षे चालू ठेवण्याची तरतूद केली. राज्य विभागले तरी विद्यार्थी मध्येच अडकू नयेत, याची दखल संसदेने घेतल्याचे हे उदाहरण आहे.

९. दहावीतच घ्यावा लागणारा निर्णय

आता बूढ़ापाऱ्यातील आजच्या एका मराठी विद्यार्थिनीची कल्पना करू. तिच्या घरी मराठी बोलली जाते, शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची आहे आणि मावशी नागपूरला राहते. 'नागपूरला ये, क्लास चांगले आहेत,' असे मावशी म्हणते. महाराष्ट्रातील नियमांनुसार वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे महाराष्ट्राचा अधिवास आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण होणे या अटी असतात. तिने दहावी रायपूरला केली तर महाराष्ट्राचा कोटा बहुधा हातचा जातो. अकरावी-बारावी नागपूरला केली तर छत्तीसगडच्या नियमांत आपण अजून स्थानिक आहोत का, हे वडिलांना कागदपत्रांनी दाखवावे लागते. पंधराव्या वर्षी घेतलेला शाळेचा निर्णय अठराव्या वर्षीचा प्रवेश ठरवतो आणि अनेक पालकांना हे बारावीनंतर कळते.

भाषेमुळे तिला महाराष्ट्रात सवलत मिळेल काय? येथे नियमांतील एक फरक पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत वेगळ्या प्रवर्गातून पात्र मानले जाते. बेळगाव-निपाणीकडील मराठी मुलगी त्यात बसू शकते. रायपूरची मराठी मुलगी बसत नाही. कारण ही सवलत मराठी भाषकांना सरसकट दिलेली नाही. महाराष्ट्राने ज्या प्रदेशावर दावा केला आहे त्या प्रदेशातील मराठी भाषकांना ती दिली आहे. 'आपला विद्यार्थी' कोण, हे भाषा एकटी ठरवत नाही. राज्याचे राजकारण आणि सीमेचा इतिहासही ते ठरवतात.

महाराष्ट्राच्या आतही हा वाद चालू राहिला. वैद्यकीय प्रवेशात ७० टक्के जागा आपल्या विभागातील आणि ३० टक्के राज्यातील इतर भागांतील विद्यार्थ्यांसाठी, अशी पद्धत होती. मराठवाड्यात महाविद्यालये कमी असल्याने तेथील विद्यार्थ्यांना ती अन्यायाची वाटे. विदर्भातील अनेकांना तीच संरक्षक वाटे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने ती रद्द केली. एकाच नियमाकडे दोन मागास प्रदेश अशा परस्परविरुद्ध नजरेने पाहत होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१०. लाभ कोणाला?

रहिवासी कोट्याचे समर्थन करताना बस्तर आणि सरगुजा यांचे नाव घेतले जाते आणि ते योग्यही आहे. दुर्गम भागातील मुलगा डॉक्टर झाला तर तो आपल्या भागात काम करण्याची शक्यता अधिक, ही अपेक्षा त्यामागे आहे. परंतु रहिवासाचा नियम राज्यातील सर्वांना एकच मानतो. रायपूर-भिलाईत शिकवणी वर्ग लावू शकणारा विद्यार्थी आणि सुकमा किंवा नारायणपूरच्या आश्रमशाळेतील विद्यार्थी, दोघेही 'छत्तीसगडचे'. बाहेरच्या उमेदवाराला दूर ठेवल्याचा पहिला लाभ राज्यातल्या शहरी, तयारी झालेल्या विद्यार्थ्याला मिळतो. दुर्गम भागातील मुलापर्यंत तो पोचायचा असेल तर जमातींचे आरक्षण, चांगल्या शाळा आणि तयारीची सोय यांची जोड लागते. २०१० मध्ये रायपूरला नक्षलप्रभावित भागांतील मुलांसाठी सुरू झालेले 'प्रयास' हे निवासी विद्यालय अशा जोडीचे उदाहरण आहे. म्हणून रहिवासी कोटा ही न्यायाची सुरुवात असू शकते, पूर्तता नव्हे.

११. सारांश

१. 'राज्यातला' विद्यार्थी ही ओळख राज्यांच्या सीमा आणि जागांची टंचाई या दोहोंतून घडली. बूढ़ापाऱ्यातील विद्यार्थी १९५६ मध्ये नागपूरला आणि २००० मध्ये भोपाळ-इंदूरला बाहेरचा झाला. तो स्वतः कोठेही गेला नव्हता.

२. १९५५ च्या जोशी निर्णयाने जन्मस्थान आणि रहिवास यांत फरक करून या पद्धतीला कायदेशीर आधार दिला. १९८४, १९८६ आणि २०२५ च्या निर्णयांनी तिला मर्यादा घातल्या.

३. सीमांपूर्वीचा काळ सर्वांना खुला नव्हता. तेव्हाची गाळणी घरातच होत असे. त्यामुळे कोटा काढून टाकणे म्हणजे आपोआप समानता, असे म्हणता येत नाही.

४. कोटा ठेवणे म्हणजेही आपोआप न्याय नव्हे. तो राज्यातील कोणत्या विद्यार्थ्यापर्यंत पोचतो, हे तपासावे लागते.

१२. स्वाध्याय

१. अनुच्छेद १५(१) आणि १६(२) यांतील शब्दांचा फरक सांगून त्याचा प्रवेशनियमांवर झालेला परिणाम स्पष्ट करा.

२. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आणि नंतर रायपूरच्या विद्यार्थ्याला उपलब्ध असलेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची तुलना करा.

३. आपल्या घरातील किंवा शेजारातील तीन पिढ्यांतील व्यक्तींनी कोणत्या विद्यापीठातून आणि कोणत्या राज्यात शिक्षण घेतले, याची नोंद करा. त्यावर सीमाबदलाचा परिणाम दिसतो काय?

४. आपल्या राज्यातील 'रहिवासी' या व्याख्येतील अटी मिळवून वाचा. या अटींमुळे कोणता विद्यार्थी दोन्ही राज्यांत 'बाहेरचा' ठरू शकतो, यावर दीडशे शब्दांत टिपण लिहा.